आयातदाराने अम्ब्रेला आणि एक्सेस दायित्व विमा कसा घ्यावा

आयातीच्या व्यवसायात विम्याचा विषय निघाला की पहिले लक्ष जहाजावरच्या मालाकडे जाते. माल भिजला, फुटला किंवा गहाळ झाला तर त्यासाठी सागरी विमा असतो. मात्र माल सुखरूप उतरून ग्राहकाच्या हातात पडल्यानंतर जी जबाबदारी सुरू होते, तिला त्या विम्याचा काहीच आधार नसतो, आणि आयातदार बुडतो तो बहुधा इथेच. युरोपीय समुदायाच्या 1985 च्या उत्पादन दायित्व निर्देशाने समुदायाबाहेरून माल आणणाऱ्या आयातदाराला उत्पादकाच्याच जागी धरले. भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, उत्पादकावर नोटीस बजावता येत नसेल किंवा त्याच्याविरुद्धचा आदेश अमलात आणता येत नसेल, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. कारखाना समुद्रापार असल्यामुळे जखमी झालेला माणूस दावा दाखल करतो तो आयातदारावर.

मूळ दायित्व पॉलिसीची, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याची, मर्यादा अशा एखाद्या दाव्यातच संपू शकते, म्हणून तिच्यावर दुसरा थर घ्यावा लागतो. अम्ब्रेला आणि एक्सेस हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. एक्सेस पॉलिसी केवळ रक्कम वाढवते. मूळ पॉलिसीत जे नाही ते तिच्यातही सहसा नसते. अम्ब्रेला पॉलिसी रक्कम तर वाढवतेच, शिवाय मूळ पॉलिसीत नसलेल्या काही दाव्यांसाठी खाली उतरते, म्हणजे मूळ पॉलिसीची जागा घेते. त्या वेळी ठरलेली रक्कम आधी आयातदाराने स्वतः सोसायची असते. नावावर मात्र विसंबू नये. अम्ब्रेला म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसीचा मजकूर कित्येकदा निव्वळ एक्सेसचा असतो, त्यामुळे ‘खाली उतरण्याचे’ कलम त्यात खरोखर आहे का, हे वाचूनच खात्री करावी.

वाचनाची सुरुवात वरच्या पॉलिसीला जोडलेल्या मूळ विम्यांच्या तक्त्यापासून करावी. सामान्य व उत्पादन दायित्व, वाहन दायित्व, नोकरदारांबाबतचे दायित्व अशी प्रत्येक पॉलिसी, तिचा क्रमांक, मर्यादा आणि तारखा त्यात अचूक हव्यात. समजा तक्त्यात मूळ मर्यादा 10 लाख लिहिली आहे आणि नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाचवण्यासाठी ती 5 लाखांवर आणली. पुढे 12 लाखांचा दावा आला तर मूळ विमा कंपनी 5 लाख देईल, वरची कंपनी 10 लाखांच्या पुढचे 2 लाख देईल आणि मधले 5 लाख आयातदाराला भरावे लागतील. तारखांचेही तसेच आहे. दोन्ही पॉलिसी एकाच दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपाव्यात. नाहीतर वरच्या पॉलिसीच्या मुदतीआधीच्या घटनांनी खालची वार्षिक मर्यादा खाल्ली, तर ती रिकामी जागा वरची कंपनी मानतेच असे नाही.

आयातदाराने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो घटनेच्या व्याख्येला. एकाच खेपेतल्या विजेच्या किटल्यांचा थर्मोस्टॅट सदोष निघाला आणि 9 घरांत प्रत्येकी 6 लाखांचे नुकसान झाले, असे धरू. एकूण दावा 54 लाखांचा. मूळ पॉलिसी प्रत्येक घटनेला 10 लाख आणि वर्षाला 20 लाख देते. घटना नऊ मानल्या तर 20 लाखांनंतर वार्षिक मर्यादा संपते आणि उरलेले 34 लाख वरच्या पॉलिसीकडे जातात. पण वार्षिक मर्यादा संपणे तिला मान्य असेल तरच. मान्य नसेल तर एकही दावा 10 लाखांवर नाही, म्हणून ती काहीच देणार नाही. एका खेपेतला दोष ही एकच घटना धरणारे कलम असेल, तर मूळ पॉलिसी 10 लाख देईल आणि 44 लाख वर जातील. दोन्ही पॉलिसींत ही व्याख्या शब्दशः सारखी असावी, असा आग्रह ब्रोकरकडे लेखी धरावा.

मूळ मर्यादा ‘संपली’ असे केव्हा म्हणायचे, हेही कलमातच ठरते. 2008 मध्ये क्वालकॉम या अमेरिकी चिप कंपनीच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे हाच मुद्दा होता. कंपनीने 2 कोटी डॉलरच्या मूळ पॉलिसीवर 1 कोटी 60 लाखांत तडजोड केली होती. मूळ विमाकर्त्याने पूर्ण मर्यादा भरली नाही, म्हणून वरच्या थराला पैसे देणे भाग नाही, असा निकाल लागला. ती पॉलिसी संचालकांच्या दायित्वाची होती, पण धडा उत्पादन दायित्वालाही लागू आहे. उरलेली रक्कम विमाधारकाने भरली तरी मर्यादा संपली असे धरणारी शब्दरचना मागून घ्यावी.

माल बाजारातून परत मागवण्याचा खर्च, सदोष मालाची स्वतःची किंमत आणि पेटंट किंवा ट्रेडमार्कचे वाद या थरांत सहसा येत नाहीत. त्यांची सोय वेगळी करावी लागते. वकिलांचा खर्च मर्यादेच्या आत की बाहेर, आणि अमेरिका व कॅनडातील दावे वगळले आहेत का, हेही पाहावे.

पुरवठादाराच्या उत्पादन दायित्व पॉलिसीवर आपले नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून लावून घेता आले तर अवश्य घ्यावे, मात्र केवळ विम्याच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. एंडोर्समेंटची, म्हणजे पॉलिसीत तसा बदल करणाऱ्या जोडपत्राची, प्रत मागवावी आणि ती पॉलिसी माल जिथे विकला जातो तिथल्या न्यायालयात चालते का, हे तपासावे. खेप क्रमांक, चाचणी अहवाल आणि विक्रीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. अंडररायटर, म्हणजे विमा कंपनीत जोखीम तोलणारा अधिकारी, त्या पाहून हप्ता ठरवतो आणि दाव्यात दोष कारखान्याचा होता हे त्यांवरूनच दाखवता येते.

दावा आला, की तो लहान वाटला तरी त्याच दिवशी मूळ आणि वरच्या अशा सर्व कंपन्यांना लेखी कळवावे. वरच्या कंपनीला रक्कम तिच्यापर्यंत पोहोचल्यावर सांगू, असे म्हणत थांबल्यास उशिराच्या कारणावरून ती दावा नाकारू शकते.