‘प्रिस्क्राइब’ आणि ‘प्रोस्क्राइब’: या चुका टाळा

कॉलेजच्या इंग्रजी पत्रकात ‘प्रोस्क्राइब्ड टेक्स्टबुक्स’ असं छापलं गेलं, तर त्याचा अर्थ ‘नेमलेली पाठ्यपुस्तकं’ असा होत नाही, ‘बंदी घातलेली पाठ्यपुस्तकं’ असा होतो. हवा होता ‘प्रिस्क्राइब्ड’. फरक एका स्वराचा, अर्थ थेट उलटा. स्पेलचेकवर इथे विसंबू नका. दोन्ही शब्द कोशातले, त्यामुळे त्याला काही खटकत नाही.

प्रिस्क्राइब आपल्या ओळखीचा आहे. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, सरकारी अर्जाचा ‘प्रिस्क्राइब्ड फॉर्म’ म्हणजे विहित नमुना. प्रोस्क्राइब म्हणजे अधिकृत मनाई. आपल्याकडची विहित-निषिद्ध ही जुनी जोडी लक्षात ठेवलीत, तर दोघांचा घोळ होणार नाही.

खरा चकवा ‘प्रो’मध्ये आहे. ‘प्रो-डेमोक्रसी’ म्हणजे लोकशाहीच्या बाजूचा, मग प्रोस्क्राइब म्हणजे पुरस्कार करणं, असं वाचणारा सहज धरून चालतो. इथला लॅटिन ‘प्रो’ मात्र ‘पुढे, सर्वांसमोर’ या अर्थाचा आहे आणि ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणं. सर्वांसमोर लिहून लावायचं काय, तर नावं. इ.स.पू. ८२ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, आपल्या शत्रूंच्या याद्या लावल्या. यादीतल्या माणसाला कोणीही ठार करावं आणि बक्षीस घ्यावं. त्याची मालमत्ता जप्त होऊन लिलावात जाई. इ.स.पू. ४३ मध्ये पुन्हा अशा याद्या निघाल्या, तेव्हा त्यात प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो याचं नाव होतं आणि तो मारला गेला. या शब्दाची धार तिथली आहे, म्हणून किरकोळ मनाईसाठी तो वापरू नये. ‘इथे गाडी लावू नये’ याला प्रोस्क्राइब शोभत नाही.

ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी घातली, तिथे तो नेमका बसतो. त्या काळात सरकारने बंदी घातलेलं लेखन आजही ‘प्रोस्क्राइब्ड लिटरेचर’ म्हणूनच ओळखलं जातं. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्यातही बंदी असलेल्या संघटनांना ‘प्रोस्क्राइब्ड’ म्हटलं आहे.

भाषांतरात आणखी एक चूक होते आणि ती जास्त नुकसान करते. ‘नॉट प्रिस्क्राइब्ड’ दिसलं की ‘मनाई आहे’ असं लिहून मोकळं होणं. नियमाने अर्जाचा नमुना ठरवून दिलेला नसेल, तर अर्ज करायला बंदी नसते. नमुना ठरलेला नाही, एवढंच. या एका शब्दापायी अर्जदार हक्काची गोष्ट सोडून देऊ शकतो, म्हणून अशा ठिकाणी मूळ वाक्य दोनदा वाचावं.

एकच औषध प्रिस्क्राइब्डही असू शकतं आणि प्रोस्क्राइब्डही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध उत्तेजकविरोधी यादीत निषिद्ध असेल, तर खेळाडूला त्यासाठी उपचारापुरती वेगळी सूट घ्यावी लागते. नुसती चिठ्ठी दाखवून भागत नाही.