सेव्ह डायलॉगमध्ये आपला चेकबॉक्स कसा टाकायचा

विंडोजच्या सेव्ह डायलॉगमध्ये 'बॅकअप पण ठेवा' असा आपला चेकबॉक्स हवाय ना, मग जुना टेम्प्लेट (डायलॉगचा आपला आराखडा) आणि हुकवाला (त्याचे मेसेज पकडणारं फंक्शन) प्रकार सोडा, त्याने अख्खा डायलॉगच जुनाट दिसायला लागतो. व्हिस्टापासून सोपं झालंय, आयफाइलसेव्हडायलॉग (सेव्ह डायलॉगचा ऑब्जेक्ट) बनवा, त्याच्यावर क्वेरीइंटरफेस (त्याच ऑब्जेक्टचा दुसरा इंटरफेस मागणारा कॉल) मारून कंट्रोल टाकायचा इंटरफेस आयफाइलडायलॉगकस्टमाइझ घ्या आणि शो करायच्या आधी अ‍ॅडचेकबटनला आयडी, लेबल आणि सुरुवातीला टिक हवी की नको ते द्या, बस. जागा मात्र विंडोज ठरवतं, पिक्सेल मोजत बसणाऱ्यांना हे झोंबणार. फारतर मेकप्रॉमिनंटने एकच कंट्रोल सेव्ह बटनाजवळ नेता येतो. युजरने सेव्ह दाबलं की गेटचेकबटनस्टेटला तोच आयडी देऊन टिक वाचा, रिलीज करून ऑब्जेक्ट सोडायचा तो त्यानंतर. डायलॉग उघडा असतानाच क्लिक पकडायचा असेल तर इव्हेंट कळवायला सांगणाऱ्या अ‍ॅडव्हाइजला दिलेल्या क्लासमध्येच आयफाइलडायलॉगकंट्रोलइव्हेंट्स पण लिहा, नाहीतर इव्हेंट येतच नाही.