मराठी स्लाइड पडद्यावर का फसते? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी ठिबक सिंचनाच्या प्रशिक्षणात माझी पहिली स्लाइड पडद्यावर आली, तेव्हा तिच्यावर रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी होती. आदल्या रात्री घरच्या संगणकावर तीच स्लाइड स्वच्छ मराठीत दिसत होती. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी "साहेब, ही कुठली भाषा म्हणायची?" असे विचारले आणि मी मुकाट्याने खडू हातात घेतला. (ते सत्र फळ्यावरच अधिक चांगले झाले, हे कबूल करायला हवे.)

दोष प्रोजेक्टरचा नव्हता. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर फाइलमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांनीच साठवला जातो आणि फाँट त्यांना केवळ देवनागरीचे रूप देतो. म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा संकेत असल्यामुळे तुमचा फाँट तिथे नसला, तरी विंडोज मंगल किंवा निर्मला वापरून मजकूर वाचण्याजोगा ठेवते. मात्र अक्षरांची रुंदी बदलल्याने ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात आणि शेवटचा शब्द चौकटीबाहेर जातो. त्यासाठी पॉवरपॉइंटच्या 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' या मार्गाने जाऊन फाँट फाइलमध्येच समाविष्ट करावा. फाँटच्या परवान्यात तशी मुभा असावी लागते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारख्या मुक्त परवान्याच्या फाँटबाबत ही अडचण येत नाही. शिवाय पेनड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवावी. तिच्यात ॲनिमेशन राहत नाही, पण त्याचे दुःख सहसा फक्त सादरकर्त्यालाच होते.

जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला असेल, तर 'शेतकऱ्यांना' या शब्दाकडे आधी पाहावे. रूपांतरात किंवा नकल-डकव करताना अर्धा 'ऱ' हरवतो आणि पडद्यावर 'शेतकर्यांना' उमटते. 'दऱ्या', 'वाऱ्याचा', 'अधिकाऱ्यांनी' हे शब्दही असेच बिघडतात, आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांचेच नाव मथळ्यात चुकलेले दिसणे फार वाईट.

दुसरी मोठी चूक म्हणजे इंग्रजी स्लाइडची मापे जशीच्या तशी मराठीला लावणे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, तर खाली उकार यांना जागा द्यावी लागते, म्हणून त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान दिसते. आकार थोडा वाढवून ओळींमधले अंतरही वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. शब्द ठसवण्यासाठी अधोरेखन केले, तर ती रेघ 'पुरवठा'मधल्या उकारावरूनच जाते. बहुतेक देवनागरी फाँटना खरे तिरके रूप नसल्याने 'इटॅलिक' दाबल्यावर सॉफ्टवेअर अक्षरे नुसती कलती करते, आणि अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषेचे तुकडे होतात. जाड ठसा किंवा वेगळा रंग पुरेसा असतो. तोही एका स्लाइडवर एकदाच.

आकार पुरेसा आहे की नाही, हे घरीच तपासता येते. सभागृहातला पडदा 8 फूट रुंद आणि शेवटची रांग 40 फुटांवर असेल, तर ते अंतर पडद्याच्या रुंदीच्या 5 पट झाले. 15.6 इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे 34 सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून 170 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट मागे उभे राहावे. तिथून जे वाचता येत नाही, ते शेवटच्या रांगेलाही वाचता येणार नाही. एक्सेलमधून उचललेला बारा रकान्यांचा तक्ता या चाचणीत हटकून नापास होतो. त्यातला हवा तो एकच आकडा मोठा करून, लाख-कोटींत लिहून दाखवावा.

कळीचा आकडा तळाच्या बारीक ओळीत आणि मथळा मात्र निर्धास्त, ही चूक किती महाग पडू शकते, ते कोलंबिया अवकाशयानाच्या 2003 मधल्या चौकशीत दिसले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळल्यानंतर अभियंत्यांनी केलेल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. चाचण्यांतला तुकडा 3 घन इंचांचा आणि प्रत्यक्षातला अंदाजे 1920 घन इंचांचा, म्हणजे 640 पट मोठा, ही नोंद मात्र अगदी खाली होती. 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या वाटेवर यान फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले. अपघात एका स्लाइडमुळे झाला असे कोणी म्हणत नाही, पण चौकशी मंडळाने अहवालात तिच्यावर टीका केली. म्हणून 'पाणीपुरवठा: सद्यःस्थिती' असा मोघम मथळा देण्यापेक्षा 'तीन गावांना मार्चनंतर टँकर लागेल' असे पूर्ण वाक्य लिहावे.

सभागृहात पोहोचल्यावर आधी प्रोजेक्टर पाहावा. तो जुना 4:3 प्रमाणाचा असेल, तर 16:9 स्लाइडच्या वर-खाली काळे पट्टे येतात आणि उंचीचा पाव भाग वाया जातो. चित्र ताणून बसवले, तर माणसे उभट दिसतात. फिक्या रंगांचा मजकूर उजेडात धुऊन जातो, हे वेगळे सांगायला नको.

तुमच्यासाठीच्या टिपा श्रोत्यांना दिसू लागल्या, तर पडद्यांची अदलाबदल झालेली असते. 'प्रेझेंटर व्ह्यू'मधल्या 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'स्वॅप' निवडले की त्या तुमच्याकडे परत येतात. चर्चा रंगली आणि सगळ्यांच्या नजरा पडद्यावरच खिळलेल्या राहिल्या, तर इंग्रजी 'बी'चे बटण दाबावे. पडदा काळा होतो, लोक तुमच्याकडे पाहतात, आणि तेच बटण पुन्हा दाबले की स्लाइड परत येते. कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असेल, तर तो आधी इंग्रजीवर आणायला विसरू नये.