कॉन्फिगरेटरमध्ये नियम लिहिताना: कमी, नेमके आणि तपासता येतील असे

दहा पर्याय आणि प्रत्येकात चार निवडी, एवढं साधं उत्पादन घेतलं तरी त्याचे १०,४८,५७६ प्रकार होतात. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र पार्ट नंबर आणि स्वतंत्र बीओएम (भागांची यादी) देत बसणं शक्य नसतं, म्हणून कॉन्फिगरेटर, म्हणजे निवडींवरून ती यादी काढून देणारं सॉफ्टवेअर, घेतलं जातं. मग नियम भरायला सुरुवात होते आणि तिथेच गाडी घसरते: अडचण आली की एक 'जर-तर' टाकायचं, पुढची आली की आणखी एक. हळूहळू नियम शेकड्यांनी साठतात आणि त्यातला कुठला काढला तर काय मोडेल हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. नियम कमी ठेवायचे असतील तर ते ज्या भौतिक कारणामुळे लागतात त्या कारणावर लिहावे लागतात. ते कसं करायचं, ते पंप, मोटर, कपलिंग (दोघांचे शाफ्ट जोडणारा भाग) आणि बेसप्लेट (ज्यावर हे सगळं बसतं तो पाया) अशा एका संचावर पाहू.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी

मागच्या दोन-तीन वर्षांच्या ऑर्डर एका शीटमध्ये काढा. एका ओळीत एक ऑर्डर, एका रकान्यात एक गुणधर्म: किलोवॅट, पोल (मोटरचे चुंबकीय ध्रुव), सील, रंग, फ्रेम (मोटरच्या सांगाड्याचं मानक माप), कपलिंगचं बोअर (शाफ्ट बसतो ते भोक), सगळं. मग प्रत्येक रकान्यावर तीनपैकी एक शिक्का मारा: 'ग्राहक निवडतो', 'दुसऱ्या कशावरून ठरतं', 'सगळीकडे सारखंच'.

तिसऱ्या शिक्क्याचे रकाने कॉन्फिगरेटरमधून काढूनच टाका, ते साध्या बीओएममध्ये राहतील. पहिल्याचे प्रश्न म्हणून स्क्रीनवर येतील. खरी बचत दुसऱ्यात आहे. विक्रीच्या माणसाला कपलिंगचं बोअर विचारणं म्हणजे चूक करायला आमंत्रण देणं. जे हिशेबाने निघतं ते विचारू नये.

एक नियम जवळून

बहुतेक जण असा नियम लिहितात: 'मोटर ७.५ किलोवॅट असेल तर ३८ मिमी बोअरचं कपलिंग घे.' दोन पोल आणि चार पोलच्या मोटरला हा बरोबर चालतो, म्हणून महिनोन् महिने कोणाला शंका येत नाही. मग सहा पोलची ऑर्डर येते. तिची मोटर १६० फ्रेमची, शाफ्ट ४२ मिमीचा, आणि असेंब्लीवर कळतं की कपलिंग चढतच नाही. त्यावर घाईने अपवाद टाकला जातो: '७.५ आणि सहा पोल असेल तर ४२'. पण ४ किलोवॅटच्या सहा पोललाही हीच अडचण आहे. तिथे २८ऐवजी ३८ लागतं, म्हणून आणखी एक अपवाद.

बोअर किलोवॅटवर ठरत नाही. बोअर शाफ्टवर ठरतं, शाफ्ट फ्रेमवर आणि फ्रेम किलोवॅट व पोल या जोडीवर. ही साखळी जशी आहे तशीच दोन टेबलांत मांडा. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नेहमीच्या मोटरसाठी पहिलं टेबल असं (फ्रेमचा आकडा म्हणजे शाफ्टची उंची मिमीमध्ये, पुढचं अक्षर म्हणजे लांबी):

दोन पोल: ४ किवॅ – ११२एम, ५.५ – १३२एस, ७.५ – १३२एस, ११ – १६०एम, १५ – १६०एम
चार पोल: ४ किवॅ – ११२एम, ५.५ – १३२एस, ७.५ – १३२एम, ११ – १६०एम, १५ – १६०एल
सहा पोल: ४ किवॅ – १३२एम, ५.५ – १३२एम, ७.५ – १६०एम, ११ – १६०एल, १५ – १८०एल

दुसरं टेबल चारच ओळींचं: ११२ला २८ मिमी शाफ्ट, १३२ला ३८, १६०ला ४२, १८०ला ४८.

पंधरा अधिक चार, एकूण एकोणीस ओळी आणि त्या वाचणारे दोन नियम. उद्या १८.५ किलोवॅट आलं तर नियमाला हात लावायचा नाही, पहिल्या टेबलात तीन ओळी वाढवायच्या आणि सहा पोलच्या २०० फ्रेमसाठी दुसऱ्यात एक. (टेबल भरताना मोटर बनवणाऱ्याचा कॅटलॉग समोर ठेवा. काही जण लहान फ्रेममध्ये जास्त किलोवॅट देतात. नेमा या अमेरिकी मानकाच्या मोटरही विकत असाल तर 'मानक' हा आणखी एक रकाना हवाच.)

बेसप्लेटला मात्र हे दुसरं टेबल पुरत नाही. १३२एस आणि १३२एम या दोन्हींचा शाफ्ट ३८ मिमी, शाफ्टची उंची १३२ मिमी, म्हणजे कपलिंग एकच. पण पायांच्या भोकांमधलं लांबीच्या दिशेचं अंतर एसमध्ये १४० मिमी आणि एममध्ये १७८ मिमी आहे. कपलिंगच्या नियमाने फक्त आकडा वाचायचा, बेसप्लेटच्या नियमाने अक्षरासकट पूर्ण फ्रेम. म्हणून फ्रेमची उंची आणि लांबीचं अक्षर असे दोन वेगळे गुणधर्म ठेवा. '१३२एम' अशी एकच मजकुराची पट्टी ठेवली तर पुढे प्रत्येक नियमात तिचे तुकडे पाडत बसावं लागतं.

गुणधर्म भरताना

संख्या संख्या म्हणूनच भरा. किलोवॅट मजकूर म्हणून ठेवलं की कोणी '७.५' लिहितं, कोणी '७.५ किवॅ', कोणी मध्ये एक जागा जास्त सोडतं, आणि नियम गप्प बसतो. नियमांत नेहमी कोड वापरा, दिसणारं नाव वापरू नका. नाव मार्केटिंगवाले बदलतात.

रिकामं आणि 'नको' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामं म्हणजे अजून उत्तर आलेलं नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या गुणधर्माशी केलेली तुलना खरीही धरली जात नाही आणि खोटीही नाही, त्यामुळे 'सील यांत्रिक नसेल तर ग्लँड पॅकिंग घाल' हा नियम चालतच नाही आणि पंप सीलशिवायच स्टोअरच्या यादीत जातो. पर्यायी गोष्टीला 'नको' ही खरीखुरी निवड द्या आणि तो प्रश्न सक्तीचा करा.

नियमांचे प्रकार मिसळू नका

चार कामं आहेत: काय जमतं आणि काय जमत नाही हे सांगणारा निर्बंध, एका किमतीवरून (म्हणजे गुणधर्मात भरलेल्या मूल्यावरून, पैशांवरून नव्हे) दुसरी काढणारा हिशेब, सुरुवातीला सुचवलेली किंमत आणि बीओएमची ओळ घ्यायची की नाही हे ठरवणारी अट. सॅप या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हेच कन्स्ट्रेंट, प्रोसीजर, सिलेक्शन कंडिशन वगैरे नावांनी भेटतं. जुन्या मॉडेलमध्ये 'अ‍ॅक्शन' (सॅपमधले जुन्या पद्धतीचे नियम) सापडल्या तर त्या तशाच पुढे नेऊ नका, प्रोसीजर किंवा कन्स्ट्रेंटमध्ये बदला.

सर्वात जास्त घोळ सुचवलेल्या किमतीचा. एखादी किंमत फक्त सुचवायची आहे की लादायची आहे, हे आधी ठरवा. सुचवायची असेल तर वापरणाऱ्याला ती बदलता आली पाहिजे. लादायची असेल तर तो रकाना बंदच ठेवा. अर्धवट सोडलं की असं होतं: चार पोलवरून फ्रेम भरली गेली, माणसाने नंतर पोल बदलून सहा केले, पण फ्रेम 'माणसाने निवडलेली' समजून सॉफ्टवेअरने जुनीच ठेवली. ही चाचणी मुद्दाम करा. आधी भरा, मग मागे जाऊन बदला.

निर्बंध लिहिताना परवानगी असलेल्या जोड्यांचं टेबल द्यायचं की बंदी असलेल्या जोड्यांचं? जी यादी लहान ती, असं वाटतं. पण चूक झाल्यावर काय होतं तेही बघा. परवानगीच्या यादीत एखादी जोडी राहिली तर ऑर्डर अडते आणि फोन येतो. बंदीच्या यादीत राहिली तर चुकीचं यंत्र तयार होतं. सुरक्षेशी किंवा मापांशी संबंध असेल तिथे यादी लांबली तरी परवानगीचीच ठेवा. रंग, नेमप्लेट असल्या गोष्टींना बंदीची चालते.

नियम एकमेकांभोवती फिरणार नाहीत हेही पाहा. किलोवॅटवरून फ्रेम आणि फ्रेमवरून पुन्हा किलोवॅट असे दोन हिशेब असतील तर उत्तर नियमांच्या क्रमावर अवलंबून राहतं. कागदावर बाण काढा. बाणांचा गोल झाला की एक बाण तोडा.

बीओएम आणि राउटिंग

सगळ्या पर्यायांचे सगळे भाग एकाच मोठ्या बीओएममध्ये घाला आणि पर्यायी ओळींवर अट टाका. अट होकारार्थी लिहा. 'फ्रेम १६० नसेल तर छोटी बेसप्लेट' अशी अट आज बरोबर वाटते, पण १८० फ्रेमची पहिली ऑर्डर आल्याच्या दिवशी ती गुपचूप १८०लाही छोटी बेसप्लेट देते. 'फ्रेम ११२ किंवा १३२' असं लिहिलं असतं तर १८०ला बेसप्लेटच मिळाली नसती आणि चूक लगेच दिसली असती.

ती दिसावी म्हणून अशा ओळींचा गट करा आणि 'या गटातून नेमकी एकच ओळ आली पाहिजे' अशी तपासणी लावा. शून्य आली तर अटींत भोक आहे, दोन आल्या तर अटी एकमेकींवर चढल्यात. एकाच जागी चाळीस कपलिंगच्या चाळीस ओळी होत असतील तर एकच ओळ ठेवा आणि पार्ट नंबर टेबलातून आणा.

नगांची सूत्रं हातानं तपासा. रोलर कन्व्हेयर ६,००० मिमी लांब आणि रोलरमधलं अंतर ७५ मिमी असेल तर भागाकार ८० येतो, पण दोन्ही टोकांना रोलर असेल तर रोलर ८१ लागतात. लांबी ६,०३० केली तर भागाकार ८०.४ येतो. तो खाली उतरवायचा की वर चढवायचा हे डिझाइनला विचारून सूत्रातच लिहा, नाहीतर सॉफ्टवेअर आपल्या मनाने करेल.

राउटिंगला, म्हणजे कारखान्यातल्या कामांच्या क्रमाला आणि वेळांना, तीच शिस्त. बीओएममध्ये बेसप्लेट बदलते आणि ड्रिलिंगची वेळ जुनीच राहते, असं सर्रास दिसतं.

चाचणी

लाखो प्रकार तपासता येत नाहीत, तशी गरजही नाही. तीन ढीग करा. पहिला, प्रत्यक्षात बनवून पाठवलेल्या पन्नासेक जुन्या ऑर्डर: त्यांची उत्तरं माहीत आहेत, बीओएम ओळीला ओळ जुळली पाहिजे. दुसरा, सीमेवरचे: सर्वात लहान, सर्वात मोठा, आणि जिथे फ्रेम बदलते तिथले अलीकडचा-पलीकडचा. तिसरा, जोड्यांचा: कुठल्याही दोन पर्यायांच्या प्रत्येक दोन निवडी निदान एकदा एकत्र याव्यात. सुरुवातीच्या दहा पर्यायांच्या उदाहरणात अशा ७२० जोड्या होतात. एका चाचणीत ४५ बसतात, म्हणजे १६पेक्षा कमीत भागणार नाही. यादी करून देणारी साधनं मिळतात आणि साधारण तिसाच्या आसपास चाचण्यांत काम होतं.

नकार यायला हवा अशा ऑर्डरही घाला. आणि नकाराचा संदेश माणसाला कळेल असा हवा. 'नियम ४१७ चे उल्लंघन' वाचून विक्रीवाला काहीतरी दुसरं दाबत सुटतो. 'सहा पोलमध्ये ७.५ किलोवॅटला १६० फ्रेम लागते, निवडलेल्या बेसप्लेटवर ती बसत नाही' वाचून तो बेसप्लेट बदलतो.

बदल आले की

नियमांचा सांभाळ हेच मोठं काम ठरतं, हे जुनंच आहे. १९७८मध्ये जॉन मॅकडरमॉट यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात रचलेली आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरसाठी वापरलेली एक्सकॉन ही प्रणाली हजारो नियमांपर्यंत गेली आणि नवीन मॉडेल आलं की ते नियम ताजे ठेवणं हे कायमचं काम होऊन बसलं.

म्हणून प्रत्येक नियमाला आणि टेबलाला एक मालक, कारणाची एक ओळ, ड्रॉइंग किंवा कॅटलॉगचा संदर्भ आणि 'या तारखेपासून लागू' ही तारीख द्या. टेबलातली जुनी ओळ खोडून नवी लिहू नका. जुनीला शेवटची तारीख घाला आणि खाली नवी जोडा. नाहीतर गेल्या वर्षीची ऑर्डर सुट्या भागासाठी उघडली की सॉफ्टवेअर ती आजच्या नियमांनी पुन्हा सोडवतं आणि ग्राहकाकडे ३८ मिमीच्या शाफ्टसाठी ४२ मिमीचं कपलिंग जातं. ऑर्डर पक्की होताच तिची बीओएम आणि नियमांची आवृत्ती दोन्ही गोठवा. पुन्हा सोडवायची तर वेगळं बटण असू द्या आणि ते कोण दाबू शकतं ते ठरवून ठेवा.