गळा न कापता पोंचो शिवण्याची रीत

पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिनाच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे अँडीज पर्वतात, जुन्या रीतीचा पोंचो (डोक्यातून घालून खांद्यांवरून पुढे-मागे सोडायचे बिनबाह्यांचे पांघरूण) अखंड कापडाला भोक पाडून करत नाहीत. विणकराचे हात पुरतील तेवढ्याच रुंदीच्या दोन पट्ट्या विणायच्या, त्या उभ्या जोडायच्या आणि मधे डोक्यापुरती चीर न शिवता सोडायची. चिरेच्या दोन्ही कडांना मागावरचा काठ येतो. डोके घालता-काढताना सगळा ताण गळ्याशीच बसतो. तिथे कापलेली कड असेल तर धागे सुटू लागतात, काठ मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. म्हणून जोडाचाच पोंचो करा.

७० × २०० सेंमीचे दोन लोकरी स्टोल घ्या, प्रत्येकी निदान ३०० ग्रॅम वजनाचे. पोंचो स्वतःच्या वजनावर अंगावर बसतो, हलके कापड वाऱ्याने उडते. घेताना काठ डोळ्यांजवळ धरून पाहा. आडवा धागा कडेला वळून परत आत गेलेला दिसला, तर काठ खरा. तुटक्या टोकांच्या मिशा दिसल्या, तर तो मोठ्या पन्ह्यातून कापलेला माल आहे. तो नको.

शिवण्याआधी दोन्ही स्टोल गार पाण्यात, सौम्य साबणात पंधरा मिनिटे भिजवा. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवे पसरून वाळवा. हे टाळले तर पहिल्या धुण्यात एक पट्टी जास्त आटते आणि जोडावर कायमच्या चुण्या पडतात.

साधारण १६५ सेंमी उंचीच्या माणसाला पुढे ७८ आणि मागे ७८, अशी एकूण १५६ सेंमी लांबी बरी. याहून लांब केला तर जिना चढताना पायात येतो. एका टोकाच्या दशा आधीच असतात. दुसऱ्या टोकाला १५६ अधिक दशांसाठी ८, म्हणजे १६४ सेंमीवर एक आडवा धागा ओढून काढा. त्या रेषेवर कापले की कात्री तिरकी जात नाही. मग शेवटच्या ८ सेंमीतले आडवे धागे काढून दहा-बारा उभ्या धाग्यांची एकेक गाठ मारा.

आता चीर. ३२ सेंमीची ठेवली की उघडल्यावर घेर ६४ होतो, मोठ्या माणसाचे डोके सहज जाते. अँडीजमध्ये ती बहुतेक मधोमध असते, म्हणजे पोंचो पुढचा मागे करून घालता येतो आणि झीज सारखी होते. पण मधोमध चिरेचा पोंचो मागे सरकून गळ्याला काचतो असे वाटत असेल, तर ती ४ सेंमी पुढे घ्या: खांद्याच्या रेषेपासून पुढे २०, मागे १२. मग पुढचा जोड ५८ सेंमीचा आणि मागचा ६६ चा होतो. रोज वापरायला आम्ही हेच सुचवू.

काठ एकमेकांवर चढवू नका, नुसते भिडवा आणि दर १५ सेंमीला टाचणी लावा. दोरा लोकरीचाच, दुहेरी. मशीनचा कडक दोरा ताणाखाली लोकर कापत जातो. काठापासून ३ मिमी आत, ५-६ मिमी अंतरावर, या काठातून त्या काठात आडवे टाके घाला. सुरुवात चिरेच्या टोकापासून करून तळाकडे जा, म्हणजे लांबीतला उरलासुरला फरक दशांत लपतो. टाका इतकाच ओढा की जोड उघडल्यावर सपाट पसरेल. घट्ट ओढला तर पाठीवर कणा उभा राहतो.

चिरेच्या दोन्ही टोकांना सात-आठ टाके एकाच जागी आडवे घ्या आणि त्यांवर काजाचा टाका भरा. पोंचो फाटतो तो इथेच.

आपल्याकडची घोंगडीची खोळ डोक्यावर बसते, पोंचो खांद्यांवर. त्यामुळे डोक्याला टोपी वेगळी लागते. हात मोकळे हवे असतील तर उजवी बाजू उचलून डाव्या खांद्यावर टाका. चुलीजवळ किंवा सायकलवर मात्र अंगावर ठेवू नका, टोके ज्वाळेत किंवा चाकात जातात.

ठेवताना खुंटीला लटकवू नका. वजनाने चीर लांबते आणि ती पुन्हा आखडत नाही. जोडाच्या रेषेवर घडी घालून कपाटात आडवा ठेवा.