पहिल्या दिवशी बॉल पिशवीतच राहू द्या

नवीन पोरं बास्केटबॉलच्या कोर्टवर आली की आधी बॉल मागतात. देऊ नका. खाली बसवा आणि बूट-मोजे काढायला लावा. पोरं एकमेकांकडे बघून हसतील, हसू द्या. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या सरावाचा पहिला धडा हाच असायचा, आणि बिल वॉल्टनसारख्या जवळजवळ सात फुटी खेळाडूलाही तो चुकला नाही.

मोजा चढवला की करंगळीवरून आणि टाचेमागून हात फिरवा. सुरकुती हमखास तिथेच लपते. ती गेली की मोजा वर ताणून धरा आणि धरलेला असतानाच पाय बुटात सरकवा. इथे निम्मी पोरं हात सोडतात आणि मोजा आत गोळा होतो. पुन्हा करायला लावा. लेस नुसती वरून ओढून भागत नाही. खालच्या भोकांपासून एकेक जोडी आवळत वर या आणि शेवटी दुहेरी गाठ मारा. बूट मापाचाच हवा. वुडन मापही तपासायचे. आपल्याकडे ‘वाढतं अंग आहे’ म्हणून एक नंबर मोठा घेतात, तेव्हा पुढे अंगठा दाबून बघाच.

एका वर्षी वेळ नाही म्हणून मी हे टाळलं. शालेय स्पर्धेच्या फायनलला माझी सगळ्यात चपळ मुलगी टाचेवर रुपयाएवढा फोड घेऊन बाकावर बसली होती. चूक तिची नव्हती.

पालक विचारतात, ‘सर, मॅच कधी?’ त्यांना वुडनच्या तारखा सांगा. वुडन 1948 साली इंडियाना राज्यातून युसीएलएला गेले. जुनं, कोंदट जिम, शेजारी कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सवाल्यांचा सराव. सरावाआधी फरशी पुसायला स्वतः वुडन हात लावायचे. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 1964 मध्ये, सोळाव्या हंगामात! त्या संघात सहा फूट पाच इंचांहून उंच एकही मुख्य खेळाडू नव्हता. पूर्ण कोर्टभर प्रेस लावून, म्हणजे समोरच्याच्या मागे सतत चिकटून राहून, ते त्याला दमवायचे. म्हणजे पायांवरच सगळी मदार. पुढे लू अलसिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, आला आणि मग गाडी थांबलीच नाही. 1975 पर्यंत बारा वर्षांत 10 विजेतेपदं, त्यात 1967 ते 1973 सलग सात. ओळीने 88 सामने जिंकले आणि 1974 च्या जानेवारीत नोत्र दाम विद्यापीठाकडून 71-70 असे हरले. अकरा गुणांची आघाडी होती हो, शेवटचे बारा गुण समोरच्यांनी घेतले! वुडन निवृत्त झाल्यावर युसीएलएला पुढचं विजेतेपद मिळायला 1995 उजाडलं.

अर्धा तास पळवून झालं की पुन्हा बूट काढायला लावा आणि पाय बघा. टाच किंवा करंगळी लाल दिसली, तर त्या पोराने मोजा परत पहिल्यापासून घालायचा. बाकीच्यांना आता बॉल द्या. हवा मात्र आदल्या दिवशीच भरून ठेवा, नाहीतर पंप शोधण्यातच संध्याकाळ जाते.