मॉडेलरमधला कॉम्प्रेसर: आधी आवाज सारखा, मग कानाचा कौल

सांगली-मिरजेकडच्या ऑर्केस्ट्रात आता बरेच गिटारवाले मॉडेलरची (अँप आणि इफेक्टची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्राची) वायर थेट मिक्सरला देतात. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गर्दीत क्लीन गिटारचे हलके स्ट्रोक बुडून जातात आणि जोरातले कानाला टोचतात. हे अंतर कमी करण्यासाठी कॉम्प्रेसर लावायचा. पण सगळी बटणं चाचपून ‘भारी वाटतंय’ तिथे थांबलं, तर घरी छान वाटलेला टोन मंडपात हमखास दगा देतो. कारण पुढे येईल.

कॉम्प्रेसर मुळात आवाज वाढवत नाही, कमी करतो. थ्रेशोल्ड म्हणजे ठरवलेली रेघ. सिग्नल तिच्यावर गेला की वरचा भाग रेशोप्रमाणे दाबला जातो. समजा थ्रेशोल्ड −२० डेसिबल, रेशो ४:१ आणि तुमचा जोराचा स्ट्रोक −८ वर येतोय. तो रेघेच्या १२ डेसिबल वर आहे. चारने भागल्यावर ३ उरतात, म्हणजे बाहेर पडतो −१७ वर. हलकं पिकिंग −२४ वर असेल तर त्याला हातही लागत नाही. आधी दोघांत १६ डेसिबलचं अंतर होतं, आता ७ राहिलं. मग मेकअप गेनने सगळंच वर उचलायचं, की हलके सूरही ऐकू येतात.

सेटिंगला बसताना एक सोय करून घ्या. मॉडेलरमध्ये लूपर ब्लॉक (वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारा भाग) हवा तिथे ठेवता येत असेल, तर तो इफेक्टच्या साखळीत सर्वांत आधी ठेवा. त्यात नेहमीच्या गाण्याचे आठ बार भरा, चार हलके आणि चार दणकून. लूपर कॉम्प्रेसरच्या आधी असल्याने त्यात कोरी गिटार भरली जाते. ती वाजत राहते आणि दोन्ही हात बटणांना मोकळे राहतात. वाजवता वाजवता सेटिंग केलं तर हात नकळत आवाज सांभाळून घेतो आणि फरक कळत नाही.

सुरुवात अशी करा: रेशो ४:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंद, मिक्स (दाबलेल्या सिग्नलचं प्रमाण) १०० टक्के, मेकअप शून्य, थ्रेशोल्ड पूर्ण वर. आता गेन रिडक्शनच्या (किती दाबलं जातंय ते दाखवणाऱ्या) मीटरवर लक्ष ठेवून थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणा. जोराच्या स्ट्रोकला ४ ते ६ डेसिबल आणि हलक्याला जवळजवळ शून्य दिसलं की थांबा. हलक्या सुरांनाही मीटर सतत खाली बसलेलाच असेल, तर रेघ फार खाली गेली आहे. इंटरनेटवरून उतरवलेले प्रीसेट (साठवलेली तयार सेटिंग) नेमके इथेच फसतात. ज्याने प्रीसेट बनवला त्याच्या गिटारला हमबकर (जास्त जोराचा सिग्नल देणारे पिकअप) असतील आणि तुमच्या गिटारला सिंगल कॉइल (कमी जोराचे), तर तुमचा सिग्नल त्या थ्रेशोल्डपर्यंत पोचतच नाही. उलट असेल तर सगळंच चेपून जातं. दुसऱ्याचा प्रीसेट घेतला की बाकीचे आकडे राहू द्या, थ्रेशोल्ड मात्र आपल्या गिटारवर पुन्हा बसवा.

आता सर्वांत महत्त्वाचं काम. लूप चालू ठेवून कॉम्प्रेसर बंद-चालू, बंद-चालू करा आणि दोन्ही वेळा आवाज सारखा वाटेपर्यंत मेकअप फिरवा. हे झाल्याशिवाय टोनबद्दल काहीही ठरवू नका. आवाज डेसिबल-दोन डेसिबलने वाढला तरी कानाला तो ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि त्या भुलीत माणूस आणखी दाबत जातो. काही मॉडेलमध्ये मेकअप आपोआप लागतो. थ्रेशोल्ड खाली आणताना आवाज वाढताना दिसला तर तेच घडतंय असं समजा, आणि ब्लॉकची शेवटची लेव्हल कमी करून बरोबरी साधा. बरोबरी झाल्यावर कॉम्प्रेसर चालू केल्याचा फरक चटकन जाणवला नाही, पण बंद केल्यावर काहीतरी विस्कटल्यासारखं वाटलं, तर सेटिंग बरोबर बसलंय.

पिकचा ‘टक्’ किती राहणार ते अटॅक ठरवतो. ढोलकीबरोबर तोडून वाजवायच्या कॉर्डना ३० ते ४० मिलिसेकंद द्या. टक् निसटून पुढे जातो आणि मागचा भाग दबतो, त्यामुळे ठेका स्पष्ट राहतो. अटॅक २-३ मिलिसेकंदांवर आणला तर तो टक्‌च चिरडला जातो आणि मिक्समध्ये गिटार मागे सरकते. मग लोक आवाज वाढवतात आणि गायकाच्या जागेवर आक्रमण होतं. भावगीताच्या अर्पेजिओला (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवायला) १५ ते २५, क्लीन लीडला १० च्या आसपास.

रिलीज गाण्याच्या लयीवर बसवा. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, अर्धा ३०० चा, पाव १५० चा. तुम्ही पाव ठोक्यावर वाजवत असाल तर रिलीज १५० च्या आत हवा, म्हणजे पुढचा स्ट्रोक येईपर्यंत मीटर शून्याकडे परततो. रिलीज फार लांब ठेवला तर एका दणक्यानंतरचे दोन-तीन हलके सूर बुडतात. फार आखूड ठेवला तर जाड तारेवर खरखर येते. जाड ई तार साधारण ८२ हर्ट्‌झला कंपते, म्हणजे एक कंपन १२ मिलिसेकंदांचं. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याच्या जवळपास आले की कॉम्प्रेसर सुराची पातळी न पाहता लाटेचा आकारच बदलू लागतो, आणि ते विकृतीसारखं ऐकू येतं.

जुन्या यंत्रांवर बेतलेल्या मॉडेलमध्ये ही सगळी बटणं नसतात. हेलिक्स या मॉडेलरमधला ‘रेड स्क्वीझ’ एमएक्सआर कंपनीच्या डायना कॉम्प या पेडलवर आधारलेला आहे. तिथे सेन्सिटिव्हिटी वाढवली की जास्त दाबलं जातं. ‘एलए स्टुडिओ कॉम्प’ टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२ए वरून घेतलाय. मूळ यंत्रात पीक रिडक्शन आणि गेन हीच मुख्य बटणं आणि अटॅक-रिलीज प्रकाशावर चालणाऱ्या भागाच्या स्वभावाने ठरतात. संथ गाण्याला तो फार गोड वागतो, तुटक ठेक्याला आळसावतो. ११७६ या जुन्या स्टुडिओ कॉम्प्रेसरच्या नकलांमध्ये सावध राहा. मूळ यंत्राला थ्रेशोल्डचं बटण नाही, इनपुट वाढवाल तसं दाबलं जातं. शिवाय अटॅकचं बटण उजवीकडे फिरवलं की तो वेगवान होतो. सर्वांत मंद अटॅकसुद्धा ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे एक मिलिसेकंदाच्या आतच. टक् हवा असेल तर ते डावीकडे, सर्वांत मंद अटॅकवर ठेवा आणि मिक्स ५०-६० वर आणून कोरा सिग्नल मिसळा.

साखळीत कॉम्प्रेसरची जागा ट्यूनर आणि नॉइज गेटनंतर (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा ब्लॉक), ड्राइव्ह (आवाज फाडणारा ब्लॉक) आणि अँपच्या आधी. व्हॉल्यूम पेडल कॉम्प्रेसरच्या नंतर ठेवा, नाहीतर पायाने कमी केलेला आवाज तो परत सारखा करू पाहतो. डिले-रिव्हर्ब (पडसाद आणि घुमारा देणारे इफेक्ट) कॉम्प्रेसरच्या आधी आले तर त्यांच्या शेपट्या श्वास घेतल्यासारख्या फुगतात. जोरदार डिस्टॉर्शनच्या प्रीसेटमध्ये कॉम्प्रेसर बंदच ठेवा. डिस्टॉर्शन स्वतःच सिग्नल दाबतं, वरून आणखी दाबलं तर फक्त गुणगुण वाढते.

गुणगुणीचा हिशोब सरळ आहे: ६ डेसिबल मेकअप दिला की शांततेतली घरघरही ६ डेसिबलने वर येते. तासगाव-विट्याकडच्या मंडपात जनरेटरवर वीज असेल, अर्थिंग कच्चं असेल आणि पिकअप सिंगल कॉइल असतील, तर ती सहज ऐकू येते. गेट कॉम्प्रेसरच्या आधी हवा, कारण नंतर ठेवला तर फुगलेली घरघर आणि सुराची शेपटी यांत त्याला फरक करता येत नाही. शेपटी तुटत असेल तर गेटचा थ्रेशोल्ड ३ डेसिबलने खाली घ्या. मिक्सरकडे जाणाऱ्या एक्सएलआर आउटपुटला ग्राउंड लिफ्ट (त्या वायरमधली अर्थची जोडणी तोडणारा स्विच) असेल तर ते करून पाहा. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. गुणगुण थांबेल, पण अंगावर करंट येऊ शकतो.

घरी हेडफोनवर बसवलेलं सेटिंग स्टेजवर बहुतेकदा जास्त पडतं. घरी आपण हळू वाजवतो, स्टेजवर हात जड होतो आणि जो स्ट्रोक ५ डेसिबल दाबला जात होता तो १० दाबला जातो. म्हणून साउंड चेकला खऱ्या जोराने वाजवून मीटर पाहा आणि गरज पडली तर थ्रेशोल्ड ३-४ डेसिबल वर घ्या. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात हलके सूर आपोआप पोचतात, तिथे ३ डेसिबल दाब पुरतो. उघड्या मंडपात ६ पर्यंत चालतं. साउंडवाल्यालाही विचारा, तुमच्या चॅनेलवर त्याने कॉम्प्रेसर लावलाय का. लावला असेल तर एकाने माघार घ्यावी, आणि शक्यतो त्यानेच, कारण कोणत्या गाण्याला किती दाब हवा हे तुम्ही प्रीसेटमध्ये आधीच ठरवलेलं असतं.